कापराचा वास येणारी बांगडी

श्रोतेहो, नमस्कार. आजीच्या जुन्या डब्यातून कधी दुधी रंगाची बांगडी निघते, कधी अंबाड्याचा कंगवा, कधी मधाच्या रंगाच्या मण्यांची माळ. घरातील प्रत्येक जण त्यांना हस्तिदंत म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात यांतील बऱ्याच वस्तू आरंभीच्या काळातील प्लॅस्टिकच्या असतात. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना अमेरिकेत जॉन हायट यांनी १८७० च्या सुमारास कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले. पुढे दुधातील केसीनपासून प्लॅस्टिक झाले आणि १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी बॅकेलाईट शोधले. जुन्या घरांतील विजेची काळी बटणे याच बॅकेलाईटची असत, आणि आपण आज ज्याच्यावरून बोलतो आहोत त्या रेडिओच्या कित्येक जुन्या पेट्याही.

ओळखण्याचे पहिले साधन नाक. वस्तू अंगठ्याने जोरात घासून गरम करावी आणि लगेच हुंगावी. सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, केसीनला करपलेल्या दुधाचा, बॅकेलाईटला फॉर्मलिनचा, म्हणजे दवाखान्यातील औषधासारखा, उग्र वास. पुन्हा सांगतो: घासायचे आणि हुंगायचे, जाळून पाहायचे नाही.

जाळून पाहायचे नाही, हे मी वेंगुर्ल्याच्या माझ्या मावशीच्या माजघरात शिकलो. तिच्या सासूबाईंच्या चार बांगड्या होत्या, बारीक समांतर रेघा असलेल्या, आणि त्या हस्तिदंती आहेत अशी घराण्याची ठाम समजूत होती. मावशीच्या दोन्ही सुनांचा त्यांवर डोळा. थोरली म्हणे, मान माझा, धाकटी म्हणे, मुंबईहून दर वर्षी गणपतीला येऊन राबते मी. शेवटी नथ दुरुस्त करायला आलेल्या म्हाताऱ्या सोनारकाकांकडे न्याय गेला. त्याच वेळी मुंबईकर नातवाने स्टोव्हवर सुई लाल करून आणली आणि बांगडीला लावण्याच्या बेतात असताना काकांनी त्याचे मनगट धरले. त्यांनी कपभर गरम पाणी मागवले, बांगडीची कड क्षणभर बुडवली आणि ती मावशीच्या नाकाशी नेली. मावशी म्हणाली, "हा तर देवघरातला वास!" काकांनी नातवाच्या हातातील सुई काढून घेत म्हटले, "आरतीक कापूर जाळतत, बांगडी नाय." सेल्युलॉइड भडकन पेट घेते, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होते. पुढची गंमत अशी, की हस्तिदंत नाही असे कळताच दोन्ही सुनांचा आग्रह ओसरला, आणि मावशी मात्र चिडली, "म्हणजे सासूबाई मला जन्मभर थापा मारत आल्या?" माझ्या मते सासूबाई थापा मारत नव्हत्या, त्यांनाही विकणाऱ्याने तसेच सांगितले असणार. शिवाय भारतात हस्तिदंताचा व्यापार बेकायदेशीर आहे, तेव्हा हत्ती वाचवून मिळालेली बांगडी मिरवण्यात कमीपणा कसला?

आता निगा, थोडक्यात. सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लकारक वायू सुटतात आणि कोकणातल्या दमट हवेत त्यांचे नायट्रिक आम्ल होते. ते शेजारच्या धातूच्या चापावर हिरवी पूड आणते आणि इतर दागिनेही खराब करते. म्हणून सेल्युलॉइडची वस्तू वेगळी, सुती कापडात, हवा खेळत्या लाकडी पेटीत, देवघरातील समईपासून दूर ठेवावी. हवाबंद डबा नको. हळदीकुंकवाला वाण म्हणून हे हवाबंद डबे वाटण्याची जी टूम निघाली आहे, तिने पापडांचे भले केले असेल, दागिन्यांचे नक्कीच नाही. पुन्हा सांगतो: वेगळी ठेवा, डबा हवाबंद नको.

केसीन पाणी शोषते आणि फुगून तडकते, म्हणून ते भिजवू नये. कोरड्या मऊ कापडाने पुसावे. बॅकेलाईट सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. ते उन्हात व हवेत पिवळते, निळे असेल तर हिरवट दिसू लागते, त्याला इलाज नाही. अत्तर, स्पिरिट आणि नखांचा रंग काढण्याचे द्रावण यांना कोणत्याही प्रकाराजवळ फिरकू देऊ नये. एखादी वस्तू चिकट लागली, तिला आंबट उग्र वास आला किंवा जाळीदार चिरा पडल्या, तर त्याच दिवशी ती बाकीच्या दागिन्यांतून बाहेर काढावी.