वॉरंट आहे की नाही, हे विचारायचं कुणाला?

मंडळी, नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून इथे ह्यूस्टनला मुलाकडे आलेल्या एका काकांना फोन आला. "शेरिफच्या ऑफिसातून बोलतोय. तुम्ही ज्युरी ड्यूटीला आला नाहीत, तुमच्या नावाने वॉरंट निघालंय. गिफ्ट कार्ड घेऊन त्यावरचे नंबर सांगा, नाहीतर तासाभरात अटक होईल." काका पर्यटक व्हिसावर आलेले. ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य लोकांच्या पंचमंडळात, बसतो तो फक्त अमेरिकन नागरिक. पण हातपाय गळाल्यावर हे कुणाला सुचतं? मुलाने फोन हिसकावून बंद केला म्हणून पैसे वाचले.

मग मुलालाच धाकधूक लागली. आपल्या नावावर खरंच काही नसेल ना? एका खासगी वेबसाइटला पैसे भरून त्याने अहवाल मागवला, तर त्यात दुसऱ्या राज्यातली एक अटक निघाली. माणूस वेगळाच होता, फक्त नाव-आडनाव तेच. तो मुलगा रात्रभर झोपला नाही. त्याच्यासारख्यांसाठीच आज मी बोलायला उभी आहे.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. टेक्ससमध्ये अशा 254 आहेत. शेरिफ म्हटलं की मुंबईकरांना नगरपाल आठवतात, पण ते मानाचं पद. इथला शेरिफ लोक निवडून देतात, तो तुरुंग चालवतो, वॉरंट बजावतो. खटल्याचे कागद मात्र कोर्टाच्या क्लार्ककडे असतात. आपल्या ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत गंभीर गुन्ह्यांचे आणि तुरुंगवास होऊ शकेल अशा किरकोळ गुन्ह्यांचे खटले डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे शोधायचे. सिग्नल तोडला, वेग वाढला, म्हणजे जास्तीत जास्त 500 डॉलर दंडाची 'क्लास सी' प्रकरणं तिथे मिळणारच नाहीत. ती शहराच्या म्युनिसिपल कोर्टात, नाहीतर जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे काउंटीतल्या छोट्या कोर्टाच्या न्यायाधीशाकडे. आणि आपल्या लोकांची वॉरंटं बहुतेक इथलीच असतात! तिकीट, म्हणजे पोलिसाने दिलेली दंडाची पावती, गाडीच्या कप्प्यात राहतं, तारीख निघून जाते, हजर न राहिल्याचं वॉरंट निघतं. कधीकधी लायसन्सचं नूतनीकरण अडतं, तेव्हा कुठे कळतं.

ह्यूस्टनजवळच्या केटीत राहणाऱ्यांनी तर नीट ऐका. तुमचं गाव हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंटींत पसरलंय. तिकीट कुठल्या रस्त्यावर मिळालं, ते कुणी दिलं, त्यावर कोर्ट कुठलं लिहिलंय, हे आधी बघा. चुकीच्या काउंटीत शोधून 'काही नाही' असं उत्तर आलं, तर त्यात समाधान मानू नका.

नावाचंही तसंच. वडिलांचं नाव कुठे मधलं नाव म्हणून लागतं, कुठे गळून पडतं. क्षीरसागर, वैद्य ही आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. सगळ्या तऱ्हांनी शोधा आणि जन्मतारीख जुळल्याशिवाय कुठलीही नोंद आपली किंवा दुसऱ्याची मानू नका.

राज्यभराची नोंद टेक्ससच्या डीपीएसकडे, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे मिळते, थोडं शुल्क भरून. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांतल्या, खटल्यांसाठी पेसर ही त्या कोर्टांची ऑनलाइन सेवा, पानाला 10 सेंट. एफबीआयची एनसीआयसी ही देशभरच्या गुन्हे-नोंदींची यंत्रणा 1967 पासून चालू आहे, पण ती पोलिसांसाठी, आपल्याला उघडत नाही. शिवाय अटकेचं वॉरंट बजावलं गेलं की मगच त्याची प्रत लोकांना पाहायला मिळते, असा टेक्ससचा कायदा आहे. म्हणजे न बजावलेलं वॉरंट यादीत दिसेलच असं नाही. खरी शंका असेल तर फौजदारी वकिलाला चौकशी करायला सांगा.

नोंद सापडली की शेवटची ओळ आधी वाचा: खटल्याचं काय झालं? अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. आरोप मागे घेतले गेलेल्या माणसाची अटक दाखवून त्याचं लग्न मोडलेलं मी पाहिलंय. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. भाडेकरू किंवा नोकर निवडताना तुम्ही एखाद्या कंपनीकडून अहवाल घेतलात, तर 1970 चा फेडरल कायदा लागू होतो: नकार दिलात तर तो कुठल्या अहवालावरून, हे त्या माणसाला कळवावं लागतं, म्हणजे चूक असेल तर त्याला ती दाखवून देता येते.

आता ग्रीन कार्डवाल्यांसाठी. 'डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन'मध्ये न्यायाधीश दोषी ठरवत नाहीत, अटी पाळल्या की खटला संपतो. टेक्सस त्याला दोषसिद्धी म्हणत नाही. पण गुन्हा कबूल केला असेल तर इमिग्रेशनचा कायदा त्याला बहुतेक वेळा दोषसिद्धीच धरतो. म्हणून "हो म्हणून टाका, प्रकरण मिटेल" असं कुणी सुचवलं, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. नागरिकत्वाच्या अर्जात अटकेबद्दल विचारतात, तेव्हा पुसलेली नोंदसुद्धा सांगावी लागते.

आणि तिकिटाचं वॉरंट निघालंच असेल, तर घाबरून घरात बसू नका. 2017 च्या दुरुस्तीनुसार, पकडले जाण्याआधी आपण होऊन या छोट्या कोर्टात हजर झालात आणि प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केलात, तर हजर न राहिल्याचं वॉरंट न्यायाधीशांनी मागे घ्यायचं असतं. जाताना ओळखपत्र आणि तिकिटाचा नंबर न्या. पैसे एकदम भरणं जमत नसेल तर तसं सांगा, हप्ते मागता येतात.