मार्चमध्ये मशीन घेऊन टॅक्स किती वाचतो?

नमस्कार मंडळी. मार्च आला की कमेंटमध्ये एकच प्रश्न, "ताई, यंदा नफा जास्त दिसतोय, मशीन घेऊन टाकू का?" म्हणून आज फिक्स्ड अ‍ॅसेट.

मशीन, फर्निचर, गाडी, गाळा. जे वर्षानुवर्षं वापरायचं, ते एकदम खर्चात टाकायचं नाही. ताळेबंदात, म्हणजे मालमत्ता आणि देण्यांच्या यादीत घ्यायचं आणि दरवर्षी घसारा काढायचा, म्हणजे किमतीचा थोडा भाग त्या वर्षीचा खर्च म्हणून लिहायचा. जमिनीला घसारा नाही. हे बहुतेकांना ठाऊक आहे, पुढे जाऊ.

पिठाच्या गिरणीचं मशीन घेतलं दोन लाखांना. टेम्पोभाडं ८,०००, फाउंडेशन आणि फिटिंग १२,०००. अ‍ॅसेट किती? २,२०,०००. भाडं वेगळं खर्चात दाखवू नका. आयकरात यंत्रांना साधारण १५ टक्के घसारा, म्हणजे ३३,०००. पण पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, आणि मार्चमध्ये घेतलं की तसंच होतं, तर निम्मा, १६,५००. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलात तरी सेस सोडून वाचले ४,९५०. पाच हजारांसाठी सव्वादोन लाख अडकवायचे? गरज असेल तर जरूर घ्या. टॅक्ससाठी नको.

आणि हा निम्मा घसारासुद्धा मशीन वापरात आल्यावरच. बिलाच्या तारखेवर नाही, पैसे चुकते केले त्या तारखेवरही नाही.

आमच्या घरच्या मसाला कांडपाचं मशीन २८ मार्चला आलं. बिल मार्चचं, पैसेही दिलेले. पण थ्री-फेजचं मीटर बसलं मे महिन्यात. तोवर मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, त्याला टेकून मिरचीची पोती. हिशेब लिहिणाऱ्यांनी मार्चअखेरचा घसारा लावून टाकला होता. रिटर्न भरण्याआधी मी तो काढायला लावला. वीजच नाही तर मशीन वापरात आलं कसं?

म्हणून मशीन सुरू झालं की त्या दिवशीचा फोटो काढा, मीटर रीडिंग लिहून ठेवा, पहिल्या दळणाची पावती फाइलला लावा. वापराची तारीख कुणी विचारली तर हेच दाखवायचं.

एका दादांनी विचारलंय, "घसाऱ्याचे पैसे जमा कुठे होतात?" कुठेच नाही, दादा. मशीनचे पैसे आधीच गेलेत, घसारा म्हणजे तो खर्च वर्षावर्षांत वाटून लिहिणं. नव्या मशीनसाठी पैसे वेगळे साठवावे लागतात.

आणि रोखीचं विचारणाऱ्यांसाठी. अ‍ॅसेटपोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम किमतीत धरत नाहीत. फिटरला ते १२,००० रोख दिलेत? मग घसारा २,०८,००० वरच.