अनवाणी पायातून फुफ्फुसापर्यंत

[उसाचा मळा, रात्र. बॅटरीचा उजेड, पाटाचं पाणी]

भोगावतीच्या काठचा हा ऊस. रात्रीची वीज आली की माणूस दारं धरायला शेतात उतरतो. चपला बांधावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. एक सरी भरली की दारं मोडून पाणी पुढच्या सरीत. पाय घोट्यापर्यंत चिखलात. या पायांतून शिरणाऱ्या जंताचा क्षयाशी काय संबंध, ते पाहू.

[चिखलातले पाय, जवळून]

या चिखलात हुकवर्म या जंताच्या अळ्या असू शकतात. मराठी पुस्तकांत त्याला अंकुशकृमी म्हणतात. उघड्यावरच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत जातात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत फुटतात, आणि आठवडाभरात अळी कातडीतून आत शिरण्याइतकी तयार होते. बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. चिखल्या झाल्यात म्हणून माणूस सोडून देतो.

[ऊसतोड टोळीच्या कोप्या]

हंगामात टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या पडतात. संडासाची सोय बहुतेक ठिकाणी नसतेच. ऊस तेवढा वेळेवर कारखान्यात गेला पाहिजे.

[रेखाचित्र: अळीचा शरीरातला प्रवास]

कातडीतून शिरलेली अळी रक्तातून हृदयात जाते, तिथून फुफ्फुसात. फुफ्फुसातून श्वासनलिका चढून घशाशी येते, गिळली जाते आणि लहान आतड्यात पोहोचते. तिथं आतड्याला चिकटून रक्त पीत राहते. वर्ष, कधी दोन वर्षं.

[प्रयोगशाळा: थुंकीची काचपट्टी]

आता ही क्षयरुग्णाच्या थुंकीची काचपट्टी. निळ्यावर दिसणाऱ्या लाल काड्या म्हणजे क्षयाचे जीवाणू. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली जगाला दाखवले तेच. आपल्या शरीरातले मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, त्यांना गिळतात, पण गिळलेला जीवाणू पेशीच्या आतही जिवंत राहतो. त्याला मारण्याचं बळ मॅक्रोफेजला टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, देतात, इंटरफेरॉन गॅमा हा निरोप्या रेणू सोडून.

हुकवर्म सेंटिमीटरभर लांब असतो. तो कुठल्या पेशीला गिळता येणार? त्याच्यासाठी शरीर वेगळी फळी उभी करतं: इंटरल्युकिन ४, ५ आणि १३ हे निरोप्या रेणू, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी, आयजीई ही प्रतिपिंडं. जंत मुरला की नियंत्रक टी पेशी आणि इंटरल्युकिन १० पुढे येतात आणि सगळ्याच लढाया थंड करतात. पाणी एका सरीला वळवलं की दुसरीची धार बारीक होते, तसं इथं क्षयाकडे जाणारं बळ घटतं. चेन्नईत सुप्त क्षय (जीवाणू अंगात, पण आजार नाही) असलेल्या लोकांवर अभ्यास झाला, त्यात ज्यांच्या पोटात हुकवर्मही होता त्यांच्यात क्षयाशी लढणाऱ्या टी पेशी कमी आढळल्या.

इथिओपियात क्षयरुग्णांना अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देऊन पाहिलं. इओसिनोफिल उतरले, पण आजाराला उतार पडण्यात ठळक फरक दिसला नाही. तेव्हा जंताची गोळी हे क्षयाचं औषध नव्हे. क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स पुरा करायलाच हवा.

[दवाखान्याच्या दारातली रांग]

पण खंगलेल्या माणसाच्या पोटात रक्त पिणारा जंत राहू का द्यायचा? वजन, ताकद, रक्त, सगळंच आधी उतरलेलं असतं.

[शाळा: जंतनाशक गोळी घेणारी मुलं]

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला ही गोळी मिळते ती १ ते १९ वर्षांच्या मुलांना. रात्री दारं धरणारा त्यांचा बाप त्यात येत नाही. त्याला क्षय झाला तर एचआयव्ही तपासतात, साखर तपासतात, आणि ते योग्यच आहे. जंतांची तपासणी मात्र त्या नेहमीच्या यादीत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखालीच होते, आणि सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या प्रयोगशाळेतही असतो. निदान शेतात राबणाऱ्या रुग्णाला तरी थुंकीच्या डबीबरोबर शौचाच्या नमुन्याचीही एक डबी द्या.