आधी वर यायची वाट

नमस्कार, श्रोतेहो. मे महिना अर्धा सरलाय, पोरं घरात ठरत नाहीत आणि घराघरातून एकच हाक ऐकू येते, "चढू नको, पडशील!" आज मला त्या हाकेविषयी बोलायचंय. पण आधी एका विहिरीची गोष्ट सांगते, कारण मला याबाबतीत जे काही कळलं ते त्या विहिरीवर कळलं.

मी नऊ वर्षांची होते. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं मामाच्या गावी, सातारा जिल्ह्यात. मळ्यात घडीव दगडांची मोटेची विहीर. मोट केव्हाच थांबलेली, थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी ओतायचा काठावरचा दगडी हौद, मात्र शाबूत. त्या थारोळ्यावरून मुलगे धडाधड मुटके मारायचे आणि आम्ही मुलींनी काठावर त्यांचे कपडे सांभाळायचे. मी रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा थोरले मामा एवढंच म्हणाले, "चल."

पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याला पायसुद्धा लावू दिला नाही. विहिरीभोवती फिरवलं आणि विचारलं, "आत पडलीस तर वर कुठनं येशील?" मी पायऱ्या दाखवल्या. "आन् त्या अंगाला पडलीस तर?" मला सांगता येईना. मग त्यांनी एकेक जागा दाखवली. दगडातली खाच, उंबराची मुळी, पाण्यालगतची कपार. सगळं माझ्याकडून वदवून घेतलं आणि म्हणाले, "आधी वर कशी येनार ते दाव, मग उडी टाक." हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार आहे.

दुसऱ्या दिवसापासून पाठीला बिंडा, म्हणजे पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडांची मोळी, आणि कमरेला कासरा. कासऱ्याचं दुसरं टोक मामांच्या हातात.

तर मामा पाण्यालगतच्या पायरीवर बसायचे. बसण्याआधी सदरा काढायचे, मनगटावरचं घड्याळ काढून टोपीत ठेवायचे, त्यावर तंबाखूची चंची. एरवी दिवसभर दाढेला तंबाखू असणारा माणूस, पण आम्ही पाण्यात असेपर्यंत चंचीला हात लावत नसत. कुणी वरून "राम राम" घातला, तर त्याला राम रामही पाण्याकडे बघतच.

आठवड्याभराने बिंडा सुटला आणि मी थारोळ्यावरून उडी मारायचा हट्ट धरला. मामा स्वतः आत उतरले, बुडी मारली, वर येऊन म्हणाले, "पानी दोन हात उतरलंय, खाली खडक लागतोय. तिथनं न्हाई, हितनं." हितनं म्हणजे पाचव्या पायरीवरनं. मी रुसले, पण मारली उडी. पोटावर पडले. सट्‌कन आवाज झाला, श्वास कोंडला, नाकातोंडात पाणी गेलं. वर येऊन मामांकडे बघितलं. ते उभे राहिले होते, कासरा मुठीत आवळलेला, पण त्यांनी तो ओढला नाही. बोटाने कपार दाखवली. मी दोन हात मारून कपार धरली, शेवाळावरून बोटं निसटली, पुन्हा धरली. बाहेर आले तेव्हा मामांच्या तळव्यावर कासऱ्याचा पीळ उमटला होता, एकेक वेढा मोजता यावा असा. त्यांनी विचारलं, "पुन्ना मारतीस?"

नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले. उंची, वेग, हत्यारं, आग-पाण्याजवळचा खेळ, झोंबाझोंबी आणि एकट्याने भटकणं. आपल्या सूरपारंब्यांत उंची आहे, उतारावर सोडलेल्या सायकलीत वेग आहे. हे पोरांना हवंच असतं. म्हणून "पडशील" म्हणण्याऐवजी विचारा, "आता पाय कुठे ठेवणार? उतरणार कुठून?" पोर थांबतं, बघतं, फांदी चाचपतं.

पण काही जागा अशा असतात की तिथे या प्रश्नाला उत्तरच नसतं. शेततळं घ्या. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. शेततळ्यांनी कितीतरी बागा जगवल्या, मी त्यांच्या विरोधात नाही. पण प्लास्टिकच्या कागदाचा तो उतार ओला झाला की भल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. तिथे ना खाच, ना मुळी, ना पायरी. आधी वर कशी येणार ते दाव! शेततळ्याला कुंपण हवंच, शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेले दोरखंड काठाला पक्के बांधून पाण्यात सोडा. चारही बाजूंनी, कारण पोर कुठल्या बाजूला पडेल ते आपण ठरवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. बुडणारं पोर बहुतेक वेळा ओरडत नाही. पुन्हा सांगते, ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच सवड नसते, ओरडणार कसं? म्हणून कानावर विसंबू नका, डोळे पाण्यावर ठेवा. आणि कुणी बुडताना दिसलं तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. आरडाओरडा करून माणसं गोळा करा. दोर टाका, साडी टाका, बांबू पुढे करा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असं करत एका घरातली तीन-तीन माणसं गेलेली आहेत.

या सुट्टीत मुलांना पाण्यावर नेणार असाल, तर मोठ्यांनी पाळ्या लावून घ्या. अर्धा तास एकाने, मग दुसऱ्याने. ज्याची पाळी असेल त्याने मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यायचा, गप्पांत पडायचं नाही, जेवायलाही बसायचं नाही. आणि पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तू बघ." समोरच्याने "बघतो" म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. नमस्कार.