मिलोची भाकरी, ४८ किलोहर्ट्झवर

(दृश्य: ओसरी. खांबाला टेकलेल्या आजी. समोर दोन विद्यार्थी, मध्ये मोबाइल.)

मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. तेव्हा विशीत असलेल्या बायका आज सत्तरी ओलांडून ओसरीवर बसल्या आहेत. इतिहासाचे विद्यार्थी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला त्यांच्याकडे जातात आणि बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाला अडखळतात: "आजी, १९७२ साली काय झालं?" उत्तर येतं, "काय व्हायचं, पाऊस नव्हता." संपलं. त्यापेक्षा विचारावं, "खडी फोडायला किती लांब जायचा? थोरला तेव्हा केवढा होता?" साल लेकराच्या वयावरून काढता येतं.

(दृश्य: पदराला माइक लावणारी विद्यार्थिनी.)

मोबाइल पुरतो; फक्त फ्लाइट मोडवर हवा, आणि पत्र्याच्या ट्रंकेवर नको. तिच्यावरचा प्रत्येक धक्का रेकॉर्डिंगमध्ये दणकतो. घडी घातलेली सतरंजी बरी. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. सदऱ्याला तो सहज लागतो. लुगड्याला लावला की पदर घासतो, मंगळसूत्राचे मणी आपटतात. म्हणून पदर आधी पिनेनं बसवायचा, माइक खांद्याकडे सरकवायचा. वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट: एका चॅनलला तासाला साधारण ५२० एमबी. आवाजाची टोकं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास; शून्यापलीकडे आवाज फाटतो. पातळी आपोआप वाढवणारी सोय बंद ठेवायची, नाहीतर आजी गप्प झाल्या की पंख्याची घरघर वर येते. आणि ते गप्प होणंच तर आपल्याला हवं असतं.

संमती रेकॉर्डिंगवरच घ्यायची: नाव, गाव, तारीख, विचारणारा कोण, हे कुणाला ऐकवलेलं चालेल. शेवटी पुन्हा एकदा, कारण आपण काय बोलून गेलो हे त्यांना आता कळलेलं असतं.

(दृश्य: लॅपटॉपवर ध्वनिलहरी.)

तासाभराचं बोलणं हातानं उतरवायला पाच-सहा तास जातात. सॉफ्टवेअर कच्चा मसुदा काही मिनिटांत देतं, पण बोलीपुढे गडबडतं. "मिलोची भाकरी"चं "मिळाली भाकरी" झालं, तर मिलो, म्हणजे दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, वाक्यातून गायब, आणि वाक्य मात्र बिनचूक दिसतं. अशी चूक नजरेला सापडत नाही, कानालाच सापडते. "व्हतं"चं "होतं" करायचा मोहही आवरावा.

आता खरा अभ्यास. मिलोबरोबर गाजरगवत आलं, असं आजी ठामपणे सांगतात. पण पुण्यात या गवताची नोंद १९५०च्या दशकातच झालेली आहे. काही विद्यार्थी लगेच ते वाक्य खोडतात, काही तसंच निबंधात उतरवतात. दोन्ही चूक. परदेशी धान्यातून गवत आलं हा समज जुनाच. तो मिलोला का चिकटला, हे विचारायला हवं. रेशनवरचं ते धान्य, त्याची ती चव, आणि बांधावर पसरत गेलेलं परकं गवत या आठवणी एकमेकींत कशा गुंतल्या? शेजारच्या गावात, कामावरच्या मुकादमांना, सुकडी (दुष्काळी कामांवरचा पूरक आहार) वाटणाऱ्यांना तोच प्रश्न विचारून उत्तरं ताडून पाहायची.

(दृश्य: वही. पेन्सिलीची अक्षरं.)

नोंदीत वाक्य खोडलेलं नाही. शेजारी वेळ आहे, ३४ मिनिटं १२ सेकंद. खाली लिहिलंय: "पुणे, १९५०चं दशक. आजींना पुन्हा विचारणे: गवत पहिल्यांदा कुठं पाहिलं?"