चौकोनातले घर

श्रोतेहो, नमस्कार.

परवा स्वयंपाकघराला रंग काढायचा म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली, तेव्हा पंख्याच्या वाऱ्यावर हलता हलता तिच्या खालच्या पत्र्याच्या पट्टीने भिंतीवर ओढलेली चंद्रकोरीसारखी रेघ दिसली. खिळा तोच आणि जागाही तीच असल्यामुळे ती रेघ वर्षानुवर्षे खोल होत गेली होती.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले आणि एकादशी कधी, हे विचारायला शेजारच्या गुरुजींकडे जाणारी आमची आजी एकदम स्वावलंबी झाली. तिथ्या आजीच्या आणि चौकोनातली उरलेली मोकळी जागा आईची, अशी वाटणी घरात कोणी न सांगताच झाली. आईची पेन्सिल दोऱ्याने त्याच खिळ्याला टांगलेली असे. ‘दूध नाही’, ‘अर्धा लि. जास्त’, ‘सिलिंडर लावला’, ‘बाईंचा खाडा’ अशा नोंदी ती करी, आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी हिशेबाचा वाद झाला की दिनदर्शिका खिळ्यासकट दारात नेण्याची तिची तयारी असे. माळ्यावर सापडलेल्या एका जुन्या पानावर ‘दूध नासले’ याच्या खाली, त्याच पेन्सिलीने आणि तितक्याच बारीक अक्षरात, ‘धाकट्याला दात’ असे लिहिलेले आहे. आमच्या घराचा इतिहास कोणाला लिहायचा असेल, तर यापेक्षा विश्वासार्ह साधन मिळणार नाही.

संकष्टीला मात्र त्या भिंतीवर सत्ता आजीची. चंद्रोदयाची वेळ ती सकाळपासून चार वेळा वाचून घेई, आणि पावसाळ्यात आभाळ भरलेले असले की छापील वेळेवर विश्वास ठेवून आकाशाकडे नुसताच हात जोडी. घरी फोन आल्यावर या उपासात एक नवीच कटकट उपटली. नागपूरची आत्या नेमकी त्याच वेळी फोन करून सांगे, “आई, आमचं जेवण झालंसुद्धा!” नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सहा अंशांवर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथे चंद्र साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो, हे वडिलांनी संत्र्याभोवती बोट फिरवून समजावले. आजीला भूगोल पटला, न्याय पटला नाही. “चंद्र एकच ना? मग तिला आधी का?” एवढेच तिचे म्हणणे होते.

याच आजीचा वाढदिवस दर वर्षी जागा बदलत असे. कागदोपत्री तिची जन्मतारीख १ जून होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट लिहून टाकलेली ही तारीख तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांची आहे. खरा वाढदिवस नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, आणि चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचेच असल्यामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकायचा, मग अधिक मास आला की झटक्यात पुढे जायचा. वडिलांनी यातूनही एक गंमत शोधून काढली होती. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात, त्यामुळे माणसाची जन्मतिथी आणि जन्मतारीख वयाच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वर्षी, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने, पुन्हा एकत्र येतात. आपण आपली पडताळून पाहावी. मी पाहिली आहे.

आईचा जन्म इस्पितळातला असल्याने तिची तिथीही ठाऊक आहे आणि तारीखही. यंदा तिला शहात्तर पुरी होतील, म्हणजे चौथ्यांदा दोन्ही एकाच चौकोनात येतील. भिंतीचा रंग वाळल्यावर मी दिनदर्शिका पुन्हा टांगली आणि त्या चौकोनात काही खास लिहावे म्हणून पान उलटले. तिथे आईने आधीच लिहून ठेवले होते: ‘दूध १ लि. जास्त’.