पर्सियसची उघडी हॅच

[दृश्य: निळं पाणी. खाली उतरणारे दोन पाणबुडे.]

३० मीटर. खाली अजून नुसतं निळं. आणखी थोडं उतरल्यावर त्या निळ्यात एक काळपट रेघ दिसायला लागते. मग रेघेला जाडी येते, तिच्यावर एक तोफ दिसते आणि ध्यानात येतं, आपण एका पाणबुडीच्या पाठीवर उतरतोय.

एचएमएस पर्सियस. ब्रिटिश नौदल. लांबी सुमारे ८८ मीटर. ग्रीसच्या केफालोनिया आणि झाकिन्थॉस या बेटांच्या मधला समुद्र, खोली ५२ मीटर.

पुढच्या अंगाला सुरुंगाने केलेली मोडतोड आहे. सगळे आधी तिकडेच जातात. आपण मात्र मागे जाऊ, इंजिनरूमच्या वर. तिथे एक हॅच आहे, म्हणजे आत-बाहेर करायचं झाकणाचं दार, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. ती उघडी आहे.

[दृश्य: हॅच, जवळून. कडेवर शेवाळ.]

ही हॅच उघडून मी बाहेर आलो, असं एक माणूस जन्मभर सांगत होता. ऐकणारे मान डोलवायचे आणि मागे वळून हसायचे.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. बंदरातली पाणबुडी.]

पर्सियस १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या बॅरोच्या गोदीतून पाण्यात उतरली. पार्थियन वर्गाच्या सहा बहिणींपैकी एक. ही मोठ्या पल्ल्याची, दूर पूर्वेच्या समुद्रासाठी बांधलेली जहाजं. पर्सियसची युद्धाआधीची वर्षं चीनच्या किनाऱ्यावर गेली. तिथेच १९३१ मध्ये तिची बहीण पोसायडन एका मालवाहू जहाजाला धडकून बुडाली आणि आतले काही खलाशी एक नवं उपकरण तोंडाला लावून वर आले. हे उपकरण लक्षात ठेवा.

१९४० मध्ये या बोटी भूमध्य समुद्रात आल्या. इथलं पाणी नितळ. एवढं मोठं धूड पाण्याखाली असलं तरी विमानातून दिसायचं. सहापैकी युद्धातून परतली एकटी प्रोटियस. पर्सियसने १९४१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शत्रूची दोन जहाजं बुडवली आणि नोव्हेंबरच्या शेवटी ती माल्टाहून अलेक्झांड्रियाकडे निघाली.

तिच्यावर जॉन केप्स होता. लीडिंग स्टोकर, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, वय ३१. तो या बोटीचा नव्हता. प्रवासी म्हणून चढला होता, त्यामुळे खलाशांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पुढे हे त्याला फार महागात पडलं.

[दृश्य: रात्रीचा समुद्र. दूरवर बेटाची कड.]

६ डिसेंबर १९४१. रात्र. पर्सियस पृष्ठभागावर येऊन बॅटऱ्या चार्ज करत होती. केप्स मागच्या भागात, टॉर्पेडोच्या रिकाम्या नळीत केलेल्या बिछान्यावर आडवा झाला होता. बोट इटालियन सुरुंगावर गेली. दिवे गेले. बोट नाकावर खाली गेली आणि तळावर आदळली.

केप्सने टॉर्च शोधला. उजेडात आधी दिसले ते इंजिनरूमचे मेलेले सोबती. तिघांत जीव होता. त्या तिघांना त्याने ओढत हॅचखाली आणलं.

[दृश्य: संग्रहालयातलं डेव्हिस उपकरण, सावकाश.]

हे ते उपकरण. डेव्हिस एस्केप सेट. छातीवर रबरी पिशवी, खाली ऑक्सिजनचा छोटा नळा, आत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं रसायन. दातात धरायची नळी, नाकाला चिमटा, डोळ्यांना गॉगल. आणि ही खालची रबरी पट्टी बघा, एप्रनसारखी. वर येताना ती दोन्ही हातांनी समोर आडवी धरायची, म्हणजे वेग आवरतो. न आवरला तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं.

पण हे सगळं हॅच उघडल्यानंतरचं. आधी हॅच उघडायची कशी? ५२ मीटरवर बाहेरचं पाणी झाकणाच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच किलोच्या जोराने दाबत असतं. दहा माणसं लावली तरी ते हलत नाही. म्हणून एकच मार्ग उरतो, पाणी आपणच आत घ्यायचं. हॅचखाली कापडी बोगदा सोडायचा, झडप उघडायची आणि अंधारात उभं राहून पाणी पोटरी, कंबर, छाती असं चढताना बघत राहायचं. आतली हवा दाबली जाऊन बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतकी झाली, की मगच झाकण ऐकतं. त्यात शुद्ध ऑक्सिजन. दहाएक मीटरच्या खाली तो स्वतःच विषारी ठरायला लागतो, त्यामुळे फार वेळ घेऊनही चालत नाही. सरावाच्या टाकीत ही कसरत शिकवायचे. तिथे दिवे असायचे.

केप्सच्या सांगण्याप्रमाणे बोल्ट वाकले होते, सुटता सुटत नव्हते. सुटले. तिघा जखमींना त्याने आधी वर ढकललं. मग स्वतःच्या बाटलीतला रमचा शेवटचा घोट घेतला, पाण्यात डोकं घातलं आणि बोगद्यात शिरला.

[दृश्य: हॅचमधून वर बघणारा कॅमेरा. दूर वर उजेडाचा ठिपका.]

कॅमेरा आत्ता त्याच वाटेने बघतोय. फरक इतकाच, की आत्ता दुपार आहे.

वर आला तेव्हा तो एकटा होता. ते तिघं पुन्हा दिसले नाहीत. पर्सियसवरच्या ६१ जणांपैकी ६० गेले.

[दृश्य: केफालोनियाचे पांढरे कडे.]

रात्रभर हात मारत तो या पांढऱ्या कड्यांकडे आला. सकाळी मासेमारांना किनाऱ्यावर सापडला. बेट इटालियनांच्या ताब्यात होतं. बेटवाल्यांनी त्याला दीड वर्ष या घरातून त्या घरात लपवलं, केस काळे रंगवले, एक गाढवीणही दिली. नाव मरीका. अट एकच, हिला खायचं नाही, शपथ घे. भुकेचे दिवस होते, म्हणून अट. मे १९४३ च्या शेवटी एका होडीने त्याला तुर्कस्तानात पोचवलं.

त्याला पदक मिळालं. विश्वास मात्र मिळाला नाही.

आणि शंका बिनबुडाच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. साक्षीदार कुणी नाही. यादीत नाव नाही. डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बच्या हादऱ्याने हॅच उघडू नये म्हणून त्या बाहेरून बोल्टने बंद करण्याचे आदेश कप्तानांना होते. शिवाय केप्स सांगायचा, खोली २७० फूट होती. एवढ्या खोलीवरून कुणी जिवंत वर येतं का? तरीही एक प्रश्न उरतोच: हीच हकीगत एखाद्या अधिकाऱ्याने सांगितली असती, तर इतकी वर्षं ती दारूच्या टेबलावरची थाप ठरली असती?

केप्स १९८५ मध्ये वारला.

[दृश्य: पाणबुडे बोटीवरून पाण्यात उडी घेताना.]

१९९७ मध्ये कोस्तास थोक्तारिदिस हा ग्रीक पाणबुड्या आपल्या माणसांना घेऊन इथे उतरला. खोली निघाली ५२ मीटर, म्हणजे १७० फूट. २७० नव्हे. बाकी सगळं जुळत गेलं. हॅच उघडी. इंजिनरूमचा तो कप्पा त्याने सांगितला तसा. टॉर्पेडोच्या नळीतला बिछाना. आणि आत, अंधारात, दिव्याचा झोत पडल्यावर चमकलेली काच. रमची बाटली.

[दृश्य: हॅच. पाणबुडे वर निघतात.]

आता वर निघायचं. पाणबुडे दोरीला धरून ठरलेल्या खोलीवर थांबतात, घड्याळ बघतात, पुन्हा थोडं वर सरकतात.

खाली हॅच अजून दिसतेय.